मूळव्याध : उपचारानंतरचे दिवस



आजचा विषय चारचौघांत काढण्याचा नव्हे, असे पुष्कळांना वाटेल. म्हणूनच तो काढला आहे.

माण हे आमचे गाव मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या शेजारी. पूर्वी इथला माणूस पहाटे उठून शेताची वाट धरी. आता संगणकाच्या कचेऱ्या शिवारात येऊन बसल्या आहेत आणि तरुण मंडळी दिवसभर खुर्चीवर असतात. पण एक दुखणे असे आहे, की ते नांगर धरणाऱ्यालाही सोडीत नाही आणि खुर्चीवाल्यालाही. ते म्हणजे मूळव्याध.

मी जन्मभर शाळेत आरोग्याचे धडे शिकवले. पण स्वतःला हे दुखणे झाले, तेव्हा दोन वर्षे घरातसुद्धा बोललो नाही. अखेर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काही मिनिटांत मोडाच्या मुळाशी रबराचे बारीक कडे बसवले आणि त्याच दिवशी घरी पाठवले. सोबत सूचनांचा कागद दिला. कोमट पाण्यात बसा, कुंथू नका, शौचाची भावना झाली की दाबून ठेवू नका, काही दिवस दुचाकीचा प्रवास टाळा. घरी पडल्या पडल्या मी सुश्रुतसंहिता उघडली आणि थक्क झालो. त्या कागदावरच्या बऱ्याच गोष्टी तिथे होत्या!

सुश्रुतसंहिता आजच्या रूपात आली, त्याला दीड-दोन हजार वर्षे झाली असावीत. तिच्यात मूळव्याधीवर, म्हणजे अर्शावर, चार उपाय सांगितले आहेत : औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. दुखणे नवे व हलके असेल तर औषध. मोड मऊ असेल तर क्षार. खरबरीत व कठीण असेल तर डाग. आणि बारीक देठाचा असेल तर शस्त्र. म्हणजे सरसकट कापाकापी नाही. आतले पाहण्यासाठी चार अंगुळे लांबीचे, गाईच्या सडाच्या आकाराचे यंत्र वर्णिले आहे. ते लोखंडाचे, हस्तिदंताचे, शिंगाचे किंवा लाकडाचे करीत.

भूल देण्याची आजची सोय तेव्हा कुठली? रोग्याचे डोके दुसऱ्याच्या मांडीवर ठेवीत, त्याला पट्ट्याने बांधीत, माणसे धरून ठेवीत. क्षार लावला की शंभर अक्षरे म्हणण्याइतका वेळ थांबायचे. घड्याळ नव्हते, पण माप होते. मग आंबट द्रवाने क्षार धुऊन काढायचा आणि तूप व ज्येष्ठमध लावायचे. त्यानंतर रोग्याला कोमट पाण्यात बसवायचे आणि वारा न लागेल अशा खोलीत ठेवायचे. अनेक मोड असतील तर एकदम हात घालायचा नाही. सात सात दिवसांच्या अंतराने एकेक घ्यायचा. बरे होत असताना काय वर्ज्य? वेग अडवणे, जनावरावर बसून प्रवास करणे आणि उकिडवे बसणे. घोड्याच्या जागी आता मोटारसायकल आली, एवढाच काय तो फरक!

चरकाचा कल मात्र निराळा. शस्त्र, क्षार आणि अग्नी यांतले धोके दाखवून तो औषध व पथ्याकडे वळतो, आणि ताकाला फार मोठे स्थान देतो. आपल्या परसातल्या सुरणाला तर संस्कृतात अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याध नाहीशी करणारा, असेच नाव आहे. आजचे शास्त्र याच्याकडे औषध म्हणून पाहत नाही. पण भाजीपाला, कोंड्यासकट धान्य आणि भरपूर पाणी यांनी शौच मऊ राहते आणि जखमेला आराम पडतो, हे ते आग्रहाने सांगते.

लाज मात्र सगळ्या देशांत सारखीच. लंडनमध्ये फ्रेडरिक सॅमन नावाच्या शल्यवैद्याने 1835 साली या भागाच्या आजारांसाठी गरिबांकरिता सात खाटांचा दवाखाना काढला. पुढे तो सेंट मार्क्स या नावाने प्रसिद्ध झाला. याच सॅमनने 1841 साली चार्ल्स डिकन्स या कादंबरीकाराचे भगंदर कापले. क्लोरोफॉर्म 1847 साली आला, तेव्हा ती कळ डिकन्सने शुद्धीवर राहूनच सोसली. काही दिवस तो पडून राहिला, आणि 1842 च्या जानेवारीत अमेरिकेला जाणाऱ्या बोटीत बसलासुद्धा!

पुढे लिस्टर या शल्यवैद्याने जखमेतील जंतू मारण्याची आपली पद्धत 1867 साली प्रसिद्ध केली. आपल्या पुण्याचे ससून रुग्णालयही त्याच वर्षी उभे राहिले. 1937 साली लंडनच्या सेंट मार्क्समधील मिलिगन आणि मॉर्गन यांनी मोड कापण्याची जी रीत मांडली, ती आजही वापरतात. तिच्यात जखम उघडी ठेवून भरू देतात, म्हणून दुखणे काही आठवडे चालते. रबराच्या कड्याची पद्धत बॅरन या अमेरिकन डॉक्टरने 1963 साली रूढ केली. कड्यामुळे मोडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो सुमारे आठवड्याभरात गळून पडतो. ते वरच्या भागात बसवतात; तिथे कळ नेणाऱ्या नसा नसल्याने भूल सहसा लागत नाही. आणि 1975 साली थॉमसन या डॉक्टरने दाखवून दिले, की मोड म्हणजे बाहेरून उगवलेले काही नव्हे. गुदद्वाराच्या आत प्रत्येकाला असणाऱ्या मऊ गाद्या कुंथून कुंथून खाली घसरतात, तेच मोड.

मंडळी, या सगळ्यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. कडे बसवणे किंवा कापणे हे अर्धे काम; उरलेले अर्धे घरी व्हायचे असते. घमेल्यात कोमट पाणी घ्या आणि दिवसातून दोन-तीन वेळा, विशेषतः शौचानंतर, दहा-पंधरा मिनिटे बसा. दुखेल या भीतीने शौच अडवू नका; अडवले की खडा होतो आणि मग जास्तच दुखते. संडासात फोन घेऊन बैठक मारू नका. मोड गळताना थोडे रक्त दिसेल, त्याने घाबरू नका. पण रक्त थांबत नसेल, ताप आला, कळ वाढत चालली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणखी एक. भिंतीवर रंगवलेल्या "मूळव्याध, भगंदर, बिनऑपरेशन" या पाट्यांकडे लाजेपोटी लोक वळतात. सुश्रुताचा क्षार हे शिकलेल्या हाताचे काम होते. पुडीतल्या अनोळखी औषधाला त्याचे नाव देऊ नका. शिवाय शौचावाटे पडणारे प्रत्येक रक्त मूळव्याधीचेच असते असे नाही. आतड्याच्या कर्करोगातही ते पडते. तपासल्याशिवाय कळायचे नाही, आणि लपवून तर मुळीच नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा धडा पुस्तकात असो वा नसो, तो सांगा. मी दोन वर्षे गप्प बसलो, त्याचे आज वाईट वाटते. ज्या दुखण्याबद्दल सुश्रुत शिष्यांपुढे मोकळेपणाने बोलला, त्याबद्दल आपण घरच्या माणसाशी बोलायला काय हरकत आहे?