जंगल, पाणी आणि कोयनेचे खोरे

'जंगले पाणी धरून ठेवतात, म्हणून नद्या बारमाही वाहतात.' हे वाक्य आपण वर्गात दरवर्षी सांगतो. ते आले कोठून आणि कितपत खरे आहे, हे कोयनानगरला उभे राहून तपासून पाहू.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. कोयनानगरला वर्षाला सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा.

१८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. जंगल तुटले की झरे आटतात, हा विचार त्या काळी कंपनीच्या नोकरीतील त्यांच्यासारख्या डॉक्टरांनी मांडला. पुढे १८६५ व १८७८ चे वनकायदे आले. त्यांमागे लाकडाची गरज होतीच, पण पाण्याचे कारणही सांगितले जाई. खापर फुटले ते कुमरी करणाऱ्यांवर, म्हणजे उतारावरची झाडी तोडून, जाळून नाचणी-वरी पिकवणाऱ्या डोंगरकऱ्यांवर. ओढ्यांचे पाणी मात्र कोणी मोजले नव्हते.

ते मोजले गेले विसाव्या शतकात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९१० पासून शेजारशेजारच्या दोन ओढ्यांचे पाणी मोजत ठेवले. काही वर्षांनी एका पाणलोटातील झाडे तोडली, तर त्या ओढ्याचे पाणी वाढले! १९८२ मध्ये बॉश व ह्यूलेट यांनी अशा ९४ प्रयोगांचा आढावा घेतला. निष्कर्ष बहुतेक तोच निघाला. कारण सोपे आहे: मुळे जमिनीतील पाणी ओढतात आणि पाने ते हवेत सोडतात.

मग जंगल निरुपयोगी का? मुळीच नाही. वर्षभरात एकूण किती पाणी वाहते आणि ते केव्हा वाहते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पालापाचोळा, मुळे आणि गांडुळांची बिळे यांमुळे जंगलातील माती पाणी मुरवते. तेच उन्हाळ्यात झऱ्याला येते. उघड्या, तुडवलेल्या जमिनीवरून पाणी माती घेऊन पळते. पण आठवडाभर संततधार लागली की जंगलाची मातीही तुडुंब भरते. म्हणून २००५ व २०१९ च्या सांगलीच्या महापुरांचा उलगडा केवळ जंगलतोडीने होत नाही.

शिवाय कोयना धरणाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर, तर कृष्णेचे खोरे सुमारे २ लाख ५९ हजार. ओढ्यात ठळक दिसणारा बदल एवढ्या मोठ्या खोऱ्यात विरून जातो. तिथे इतर बदल भारी ठरतात. १९६० च्या दशकात कोयनेवर धरण उभे राहिले. गावे आणि शेते पाण्याखाली गेली. बरेचसे पाणी वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत जाऊ लागले. बच्छावत लवादाने १९७६ मध्ये त्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. खाली सांगलीकडे जिरायत जमिनीवर ऊस आला. ऊस हेही जमिनीचे आच्छादनच, आणि त्याची पानेही पाणी हवेत सोडतात! डोंगरकऱ्याच्या कुमरीचा हिशेब त्याच्या ओढ्यापाशी मांडायला हवा होता. कृष्णेचा हिशेब आपल्या सर्वांचा आहे.

वर्गात करून पाहा. मातीचे दोन तिरके ट्रे घ्या, एकावर पालापाचोळा पसरा. दोन्हींवर झारीने सारखेच पाणी घाला. खाली आलेले पाणी मोजा, त्याचा गढूळपणा पाहा. मग पाणी घालतच राहा. दोन्ही ट्रे सारखे वाहू लागतील, तो क्षण मुलांना टिपू द्या. सुरुवातीचे वाक्य कोणत्या अटींवर खरे आहे, ते मुलेच सांगतील.