एकाच मापाची गोळी

खर्डा (ता. जामखेड) बीड जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. येथे ११ मार्च १७९५ रोजी झालेल्या मराठे-निजाम लढाईत निजामाकडे फ्रेंच अधिकारी रेमाँच्या आणि मराठ्यांच्या बाजूने शिंद्यांकडे पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या कवायती पलटणी होत्या. जुन्या तोड्याच्या बंदुकांची नळी ज्याची त्याची वेगळी असे. गोळ्या ओतायचा साचाही बंदूकवाल्याने स्वतःच बाळगायचा. पलटणीत हे चालणे शक्य नव्हते. हुकुमासरशी शेकडो बंदुका एकदम झाडायच्या, तर कागदी काडतूस कोणाच्याही नळीत बसलेच पाहिजे. म्हणून चकमकीच्या बंदुकांची मापे ठरली : इंग्रजी नळी सुमारे १९ मिलिमीटर, फ्रेंच साडेसतरा. दोन्ही मापे इतकी जवळ असण्याचे कारण शिशाच्या वजनात आहे. वाटोळ्या गोळीचा व्यास निम्मा केला, तर वजन आठपट घटते आणि वेग हवेतच लवकर मरतो. गोळी फार जड केली, तर शिपायाचा खांदा थकतो आणि कमरेचे तोसदान (काडतुसांची पेटी) जड होते. अडीच तोळ्यांच्या आसपास मेळ बसला. दारूची काजळी साचली तरी गोळी उतरावी म्हणून ती नळीपेक्षा मुद्दाम लहान ओतत. त्यामुळे फ्रेंच गोळी इंग्रजी बंदुकीत चाले, उलटे मात्र जमत नसे. रणात शत्रूचा दारूगोळा हाती लागला की हा फरक फार मोलाचा ठरे. — संपादक