किल्ला आहे, गलबत कुठे?

दिवाळीत महाराष्ट्रातली मुले मातीचा किल्ला करतात. विटा, पोत्याचे तुकडे, चिखल, वर पेरलेले अळीव, आणि माथ्यावर सिंहासनी बसलेले महाराज. एखादा हौशी मुलगा परातीत पाणी भरून सिंधुदुर्गही उभा करतो. परंतु त्या पाण्यात सोडायला त्याच्यापाशी काय असते? कागदाची होडी! १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती येताच ज्या राजाने आरमाराचा ध्यास घेतला, त्याच्या वाट्याला आमच्या अंगणात कागदाची होडी यावी, ही गोष्ट हसून सोडण्यासारखी नाही.

दोष मुलाचा नाही. किल्ला पाहून किल्ला करता येतो. गुराब पाहायला त्याने जावे कुठे? दगड राहिला, लाकूड गेले.

गुराब कशी होती, हे आज आपल्याला बरेचसे परक्यांच्या लेखणीतून कळते. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने तिचे वर्णन करून ठेवले आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत. मध्यभागी ऐसपैस रुंद, पुढे निमुळती, आणि नाळ चोचीसारखी लांब पुढे आलेली. नऊ ते बारा पौंडांचा गोळा फेकणाऱ्या दोन तोफा त्या नाळेवरून नीट समोर मारा करीत. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचे. एक मोठे तिकोनी शीड, आणि चाळीस-पन्नास वल्ही.

हा घाट कोणा सुताराची लहर नव्हती. इंग्रजांच्या जहाजाच्या तोफा मुख्यतः दोन कुशींना. वारा पडला की ते जहाज जागच्या जागी खिळे. अशा वेळी आमची गलबते वल्ही मारीत, दोर लावून गुराबांना ओढत नेत आणि शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा सर्वांत थोड्या, तिथे नाळ रोखून उभी करीत. रामचंद्रपंत अमात्यांनीही आज्ञापत्रात बजावले आहे, की गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत. वाऱ्याविना हलणार नाही असे जहाज बांधू नये. आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली, म्हणून त्यांना जबरदस्तीने हात लावू नये, हेही त्याच प्रकरणात.

अशा आरमाराची राख विजयदुर्गाच्या बंदरात झाली. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या स्वारीत एक पेटता गोळा तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यातल्या 'रिस्टोरेशन' जहाजावर पडला, आणि एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या गुराबा एकापाठोपाठ एक पेटल्या. त्या स्वारीत पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती, ही आपल्याच घरची जखम. पुढे त्याच बंदरात धुळपांनी आरमार राखले. पण काळाच्या ओघात तेही गेले. उरली ती वाघोटणच्या खाडीत गिऱ्र्यापाशी खडकात कोरलेली गोदी. जहाज नाही, फक्त पाळणा!

जहाजे सर्वांचीच जळतात, बुडतात. पण इंग्रज सतराव्या शतकापासून आपल्या लढाऊ जहाजांच्या लाकडी प्रतिकृती करीत, पाव इंचाला एक फूट अशा मापाने, खालच्या फळ्या मुद्दाम न जोडता, म्हणजे आतल्या फासळ्या दिसाव्यात. ग्रीनिचच्या संग्रहालयात त्या आजही आहेत. आपल्या मुंबईचीच गोष्ट घ्या. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी १८१७ साली इथल्या गोदीत सागवानी 'ट्रिंकोमाली' बांधली. तिचे नकाशे घेऊन निघालेले 'जावा' जहाज १८१२ साली अमेरिकनांनी नष्ट केले, तर इंग्लंडातून दुसरी नक्कल आली! ती 'ट्रिंकोमाली' हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. आमच्या कोकणी वाढयाचा नकाशा मात्र त्याच्या डोळ्यांत आणि हातांत. हात थांबले, नकाशा संपला.

म्हणून जहाजाची प्रतिकृती करणे हा मला पोरखेळ वाटत नाही. करून पाहा. एका वल्हेकऱ्याला तीन फूट जागा धरली, तर एका बाजूच्या वीस वल्ह्यांनाच साठ फूट हवेत. पाव इंचाच्या मापाने पंधरा इंच. शाळेतली फूटपट्टी अपुरी पडली! मग तोफा कुठे ठेवायच्या? पाण्याची पिंपे कुठे? की एका वल्ह्यावर दोघे बसत? पुस्तक वाचताना जे प्रश्न सुचत नाहीत, ते बांबूच्या कामट्या तासताना बोटांना टोचतात.

सुट्टी अजून शिल्लक आहे. घरात कामट्या, दोरा, जुने धोतर आणि खळ मिळेल. पहिले गलबत कलंडेल, दुसरेही कलंडेल. कलंडू द्या. ते का कलंडले, हे मुलाने विचारले, की अडीचशे वर्षांपूर्वी थांबलेले एक संभाषण पुन्हा सुरू झाले असे समजा.