पुणे–अहिल्यानगर अवर्षणप्रवण पट्ट्यातील पाणलोट विकास : एक ऐतिहासिक अभ्यास (1972 नंतरचा कालखंड)

प्रस्तावना :

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाऊस अल्प व अनियमित पडतो. पुणे जिल्ह्यातील पुरंदर, तसेच अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर व नगर हे तालुके याच पट्ट्यात येतात. येथील भूस्तर बेसाल्ट खडकाचा असून पाणी मुख्यतः मुरमाच्या थरात व खडकाच्या भेगांमध्ये साठते. ही साठवण मर्यादित असल्याने एका विहिरीचा उपसा वाढला की शेजारच्या विहिरीची पातळी खालावते. त्यामुळे या प्रदेशात पाणी अडविणे जितके महत्त्वाचे, तितकेच अडविलेले पाणी कोणी व किती वापरावे हे ठरविणे महत्त्वाचे ठरते. प्रस्तुत निबंधात पाणलोट विकासाच्या इतिहासाचा या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुषंगाने आढावा घेण्यात आला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

जलसंधारणाचा विचार महाराष्ट्रास नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात पावसाचे पाणी शेतात मुरावे यासाठी बंधारे बांधण्याची व त्या कामी सरकारी मनुष्यबळ वापरण्याची सूचना केली होती. नाशिक व धुळे जिल्ह्यांतील पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरील फड पद्धती तर त्याहूनही जुनी आहे. या पद्धतीत बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडून एका फडात एकच पीक घेतले जाई आणि पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे असे. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्याने लाभ आणि टंचाई दोन्ही वाटून घेतली जात. बंधारा आणि वाटपाचा नियम यांची ही जोड लक्षणीय होती.

ब्रिटिश काळात मात्र दुष्काळी भागातील कामांचे स्वरूप प्राधान्याने मृदसंधारणाचे राहिले. 1942 च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाने बांधबंदिस्तीला कायद्याचा आधार दिला. शेतातील माती व ओल टिकविणे हा त्यामागील हेतू होता. गावाच्या सामुदायिक पाण्याचा विचार त्यात केंद्रस्थानी नव्हता.

1972 चा दुष्काळ आणि रोजगार हमी :

1972 च्या भीषण दुष्काळात लक्षावधी ग्रामीण स्त्री-पुरुष खडी फोडणे, रस्ते, नालाबांध व पाझर तलाव यांच्या कामांवर राबले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेचा या काळात राज्यभर विस्तार झाला. तिच्यासाठी 1977 मध्ये कायदा संमत होऊन 1979 पासून तो अमलात आला. कामाच्या हक्कास कायदेशीर मान्यता मिळणे ही मोठीच घटना होय. तथापि, मजुराला तलाव खोदण्याची मजुरी मिळाली, तलावातील पाण्यावर हक्क मिळाला नाही. पाझर तलावाचा लाभ त्याच्या खालच्या बाजूस विहीर असलेल्या जमीनधारकास होत राहिला.

पाणी पंचायतीचा प्रयोग :

या विसंगतीला थेट उत्तर देण्याचा प्रयत्न पुरंदर तालुक्यात झाला. दुष्काळाने अस्वस्थ झालेले पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानची 40 एकर पडीक जमीन खंडाने घेऊन पाणलोट विकासाचे काम उभारले. 1974 मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठानची स्थापना झाली. पुढे या कार्यातून पाणी पंचायतीचे नियम सिद्ध झाले. पाण्याचे वाटप जमिनीच्या प्रमाणात न करता कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार करावे. दरडोई अर्धा एकर व कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर सिंचनापुरते पाणी मिळावे. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाऊ नये. ऊसासारखी बारमाही पिके घेऊ नयेत. लाभार्थ्यांनी खर्चाचा 20 टक्के वाटा आधी भरावा आणि भूमिहीनांनाही पाण्यात हिस्सा असावा, असे त्यांचे स्वरूप होते.

यांतील शेवटचा नियम सर्वांत क्रांतिकारक होता. पाण्याची मालकी जमिनीच्या मालकीपासून वेगळी करण्याचा विचार त्यात होता. परंतु या नियमांमागे कायद्याचे बळ नव्हते. त्यांचे पालन सभासदांच्या संमतीवर अवलंबून राहिले आणि त्यांचा प्रसार मर्यादित राहिला.

राळेगणसिद्धी व हिवरे बाजार :

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे यांनी 1975 नंतर पाणलोटाची कामे, सामुदायिक विहिरी आणि श्रमदान यांची सांगड घातली. या अनुभवाच्या आधारे 1992 मध्ये राज्याची आदर्श गाव योजना सुरू झाली. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर याच वाटेने काम झाले. तेथे शेतीसाठी बोअरवेल न घेण्याचा व ऊस, केळी यांसारखी पिके टाळण्याचा निर्णय ग्रामसभेने घेतला. उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून पिकांचे नियोजन करण्याची प्रथाही पडली. या गावाचे यश केवळ चर व बंधाऱ्यांचे नसून उपशावरील स्वेच्छा-निर्बंधाचेही आहे.

या प्रयोगांची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. चराईबंदीचा पहिला भार शेळ्यामेंढ्यांवर गुजराण करणाऱ्या कुटुंबांवर पडतो आणि वाढलेल्या भूजलाचा पहिला लाभ विहीरमालकास मिळतो. भूमिहीनांना वाढलेली मजुरी व चारा मिळू शकतो, परंतु पाण्याचा हक्क नव्हे.

शासकीय कार्यक्रमांची वाटचाल :

राज्यात 1983 पासून सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम राबविण्यात आला व 1992 मध्ये स्वतंत्र जलसंधारण विभाग स्थापन झाला. डिसेंबर 2014 मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने नाला खोलीकरण व रुंदीकरणाची कामे मोठ्या प्रमाणावर केली. मात्र 2020 मध्ये विधिमंडळात सादर झालेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात, मोठा खर्च होऊनही भूजल पातळी वाढविण्यात अभियानाचा परिणाम अल्पच राहिल्याचे म्हटले होते. 2023 मध्ये अभियानाचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला.

कायद्याच्या पातळीवर 1993 च्या अधिनियमाने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतांना संरक्षण दिले. 2009 चा भूजल अधिनियम 2014 पासून अमलात आला. त्यात भूजल वापर व पीकपद्धतीच्या नियोजनाची तरतूद आहे. परंतु भूमिहीनांच्या हिश्शाची पाणी पंचायतीची कल्पना कायद्यात उतरली नाही.

निष्कर्ष :

या आढाव्यावरून असे दिसून येते की, शासनाने यशस्वी गावांकडून बांध, चर व बंधारे यांचा आराखडा घेतला. उपशाच्या मर्यादा व समन्यायी वाटपाचे नियम मात्र गावाच्या सदिच्छेवर सोडले. काम मोजता येते, त्यावर खर्च दाखविता येतो. वाटपाचा नियम मात्र गावातील हितसंबंधांना हात घालतो. त्यामुळे एका शेतात मुरविलेले पाणी दुसऱ्याच्या बोअरवेलमधून ऊसाला जाते आणि बांधावर राबलेला मजूर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. पाणलोट विकासाचे यश बंधाऱ्यांच्या संख्येवरून ठरविण्याऐवजी अडविलेल्या पाण्यात कोणाचा वाटा आहे यावरून ठरविले गेले, तरच 1972 च्या दुष्काळाने शिकविलेला धडा पूर्ण होईल.