कुमाईत की सुरंग?

कोल्हापूरच्या जुन्या पागेतल्या एखाद्या मोतद्दाराला आपण नुसते ‘लाल घोडा’ म्हणालो असतो, तर त्याने हसून विचारले असते, “लाल खरा, पण कुमाईत की सुरंग?” अंग दोघांचेही तांबूस. मात्र कुमाइताची आयाळ, शेपूट आणि पायांचे खालचे भाग काळे असतात. सुरंगाच्या आयाळीत काळा केस औषधालाही मिळायचा नाही.

हा भेद हौसेचा नव्हता. मराठी फौजेत बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. उमदे जनावर दाखवून पगार उचलायचा आणि मोहिमेवर तट्टू आणायचे, ही लबाडी फौजांना नवी नव्हती. अकबराने १५७३-७४ च्या सुमारास घोड्यांना डाग देण्याची आणि ‘चेहरा’ लिहून ठेवण्याची शिस्त लावली ती याचसाठी. तिथे रंग चुकला की खजिन्याला खार लागलीच!

पण मला खरी मौज वाटते ती पुढेच. घोडा ओळखायला रंग पुरतो. वीण राखायला त्या रंगाचे मूळ कळावे लागते. अश्वप्रेमी राजर्षी शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर असतानाच, १९०६ साली, इंग्लंडात हर्स्ट नावाच्या संशोधकाने शर्यतीच्या घोड्यांच्या वंशनोंदी तपासल्या. दोन सुरंगांचे शिंगरू सुरंगच निपजते. दोन कुमाइतांच्या पोटी मात्र सुरंगही येऊ शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पांढऱ्यातही असेच. सब्जा जन्मतो गडद आणि वयाबरोबर पांढरा होतो. त्याची कातडी काळीच राहते. नुकरा जन्मतःच पांढरा, कातडी गुलाबी. लांबून दोघे सख्खे भाऊ, मुळात परके! आणि पंचकल्याणी हा तर रंगच नव्हे. चार पाय व तोंड पांढरे असल्याची ती खूण, मग अंग कोणत्याही रंगाचे असो.

सापांच्या बाबतीत याच्या उलट घडले. कॅलिफोर्नियातल्या किंगस्नेक सापांत काहींच्या अंगावर कडी, तर काहींच्या पाठीवर उभा पट्टा. पंडितांनी त्यांच्या दोन जाती मानल्या होत्या. एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही तऱ्हेची पिल्ले निघतात, हे क्लाउबर यांनी १९३६ साली मांडले आणि दोन जातींची एक झाली. आज तिकडचे हौशी लोक हे साप घरी वाढवून रोज नव्या रंगाला नवे नाव देतात.

त्यांना आमच्या पागेचा एकच सल्ला पुरे: नाव ठेवण्यापूर्वी दोन पिढ्या थांबा. कातडे आज दिसते ते सांगते. खरे काय ते पिल्ले सांगतात.