कढीलिंबाची पुडी आणि आगरचा संत्र्याचा बगीचा



काही वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेला गेलो, तेव्हा सौ.ने अंगणातल्या कढीलिंबाची ताजी पानं कागदात गुंडाळून बॅगेत ठेवली होती. तिकडच्या विमानतळावर तपासणीत ती पुडी निघाली आणि सरळ कचऱ्यात गेली. सौ. हिरमुसली. "चार पानांनी यांचं काय बिघडणार होतं हो?" मी काही बोललो नाही. मला आगर आठवत होतं.

उज्जैनहून आगर साधारण सत्तर किलोमीटर. पूर्वी इथून तिथं छोटी रेलगाडी जायची, ती १९७५ साली बंद झाली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझी तिकडच्या एका शाखेत बदली झाली, तेव्हा बसनेच जाणं-येणं होतं. आगर त्या वेळी शाजापूर जिल्ह्यात होतं. मी बी.कॉम., शेतीतलं ज्ञान शून्य, आणि काम शेतीकर्जाचं!

त्या भागात संत्र्याचे बगीचे आहेत आणि संत्रा आपला नागपुरीच. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो औरंगाबादकडून नागपूरला नेला असं सांगतात. पुढे काटोल, वरूड, मोर्शी, सौंसर, पांढुर्णा असा पसरत तो आमच्या माळव्यात आणि पलीकडे राजस्थानात झालावाडपर्यंत पोचला. मराठी माणूस शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आला, संत्रा कलमांच्या ट्रकमधून आला, इतकाच फरक.

एका शेतकऱ्याची केस मी स्वतः केली होती. खसरा, बी-१, विहिरीचं पाणी, नर्सरीची पावती, सगळं तपासलं. कलमं विदर्भातून आली, मी शेतावर जाऊन मोजली आणि रजिस्टरमध्ये टिक केली. पाच वर्षं बाग छान वाढली. मग काही झाडांची एकेक फांदी पिवळी पडू लागली. जस्त कमी पडलंय असं सगळ्यांनाच वाटलं, कारण पानं तशीच दिसत होती. खतं-औषधांसाठी त्यानं आणखी कर्ज मागितलं. ते मीच मंजूर केलं.

दोन वर्षांत शेंडे वाळले. फळं बारकी, वेडीवाकडी, चवीला कडवट. बुंध्यातून डिंक गळू लागला. एका कृषी शास्त्रज्ञांना मी मुद्दाम शेतावर नेलं. त्यांनी बुंध्याजवळची माती उकरली, मुळाची साल नखानं ओढली, ती लगेच हातात आली. म्हणाले, "हा डिंक्या, मातीतून येतो. आणि वरचं पिवळेपण मला ग्रीनिंगचं वाटतं. दोन्ही बहुधा कलमांबरोबरच आलं असावं."

पुढे वसुलीची नोटीस निघाली. त्यावर सही माझी. शेतकरी नोटीस घेऊन शाखेत आला. आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, "साब, पौधे की जाँच का भी कोई कागज होता है क्या?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसं वाचत गेलो.

ग्रीनिंग हा जिवाणूंचा रोग. जिवाणू सालीतल्या अन्न वाहणाऱ्या नळ्यांत राहतात. एकदा झाड धरलं की उपाय नाही. पसरवते सिला नावाची तीन-चार मिलिमीटरची कीड. पानावर शेपटाकडचा भाग उचलून तिरपी बसते आणि कोवळ्या नवतीवर अंडी घालते. १९२७ साली पंजाबातल्या कीटकशास्त्रज्ञांनी तिचा सविस्तर अभ्यास छापला होता. आपल्याकडची 'शेंडेमर' बहुधा ग्रीनिंगमुळेच आहे, हे मात्र १९६६ साली पुढे आलं. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. लिलियन फ्रेझर आणि आपले कपूर, नरियानी वगैरे शास्त्रज्ञ त्या कामात होते. रोग सिलामार्फत पसरतो हे कपूर आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली मांडलं.

पण कीड उडून किती लांब जाणार? शेकडो कोस रोग जातो तो कलमांतून. रोगट झाडाचा डोळा भरला की कलम रोग घेऊनच जन्मतं, आणि बाहेरून दिसायला दोन-चार वर्षं लागतात. नाक्यावर शिपाई उभा केला तरी त्याला हिरवंगार रोपच दिसणार.

आपल्याकडे कीड-रोगांचा कायदा १९१४ सालचा. आधी तो परदेशातून येणाऱ्या मालासाठी होता, पुढे प्रांताप्रांतांतली वाहतूक रोखायची सोयही त्यात झाली. त्याखाली सफरचंदाचा स्कॅब, बटाट्याचा वार्ट, केळीचा पर्णगुच्छ अशांवर बंधनं आली. संत्र्याचं ग्रीनिंग त्या यादीत नाही. ते आधीच देशभर पसरलेलं, रोखणार कुठे?

अमेरिकेनं १९१० च्या सुमारास धडा घेतला होता. जपानहून आलेल्या रोपांबरोबर खैऱ्या रोग फ्लोरिडात शिरला, तेव्हा बागाच्या बागा जाळून त्यांनी तो संपवला. तरीही १९९८ साली सिला तिथं सापडली आणि २००५ साली ग्रीनिंग. २००३-०४ च्या हंगामात तिथं २४ कोटी पेट्या संत्री निघाली होती. २०२२-२३ मध्ये दोन कोटीसुद्धा नाहीत. आता कढीलिंबाचं बघा. तो लिंबाच्याच कुळातला, आणि सिला त्याच्यावरही वाढते. म्हणून ती पुडी कचऱ्यात गेली. सौ.ला हे सांगितलं, तेव्हा तिचा राग उतरला.

मग आपण करायचं काय? रोगमुक्त कलम, दुसरा रस्ता नाही. नागपूरला ऐंशीच्या दशकात लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र निघालं. तिथं शेंड्याचा मिलिमीटरपेक्षाही लहान तुकडा काढून त्याचं कलम करतात, कारण तिथवर सहसा रोग पोचलेला नसतो. त्यापासून मातृवृक्ष, त्याच्या डोळ्यांपासून निर्जंतुक मातीतली पिशवीतली रोपं. म्हणजे रोपाच्या तपासणीचा कागद असतो! आमच्या कर्जाच्या फॉर्ममध्ये त्याचा रकाना नव्हता आणि मीही कधी विचारलं नाही.

त्या शेतकऱ्यानं बाग तोडून सोयाबीन लावलं आणि कर्ज हळूहळू फेडलं. खातं बंद झालं त्या दिवशी त्यानं मला चहा पाजला. तो चहा मला फार जड गेला.

आगर-सुसनेरकडे कुणाची शेती असेल आणि नवी लागवड करायची असेल, तर दोन पैसे स्वस्त म्हणून ट्रकमागची कलमं घेऊ नका. मातृवृक्ष कुठला, हे आधी विचारा. आणि आपल्यापैकी कुणी अजून बँकेत असेल, तर तोही हे विचारेल अशी विनंती.