म्हैसूरच्या जावाची वायरिंग

जुन्या मोटरसायकलीचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण टाकीवरचं नाव, इंजिन नंबर आणि आरसी बुकापासून सुरुवात करतो. बेळगाव परिसरातल्या जुन्या गाड्यांच्या नोंदी करताना मला मात्र जास्त माहिती मिळाली ती हेडलाइटच्या आत. काच काढली की वायरींचा गुंता दिसतो. तो सावकाश वाचला, तर गाडी कुठल्या घराण्यातली, किती हातांतून गेली आणि आज दिवा का मिणमिणतो, हे बरंचसं कळतं.

उदाहरण म्हणून 1960च्या दशकातली म्हैसूरची जावा 250 घेऊ. चेक कारखानदार फ्रांतिशेक यानेचेक यांनी 1929 मध्ये जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटरसायकल बनवण्याचे हक्क घेतले. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांच्या पहिल्या अक्षरांतून ‘जावा’ हे नाव झालं. आपल्याकडे रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने 1961 मध्ये म्हैसूरला या गाडीचं उत्पादन सुरू केलं. 1973 पासून गाडीवर ‘येझदी’ हे नाव आलं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला.

हा प्रवास वायरिंगमध्येही दिसतो. मी पाहिलेल्या जावाच्या स्विचवर टर्मिनलांना आकडे आहेत : 15, 30, 31, 61. ही जर्मन पद्धत. 30 म्हणजे बॅटरीकडून येणारा करंट, 15 म्हणजे चावी फिरवल्यावर कॉइलकडे जाणारा, 31 म्हणजे अर्थ आणि 61 म्हणजे चार्जिंगचा दिवा. ब्रिटिश गाड्यांत लुकासची रंगांची पद्धत होती. इग्निशनला पांढरी वायर, अप्परला निळी-पांढरी, डिपरला निळी-लाल. दोन्ही पद्धती चांगल्याच, पण साठ वर्षांचं तेल, धूळ आणि आपल्याकडचा पाऊस खाल्ल्यावर रंग ओळखू येत नाहीत. धातूवर ठोकलेला आकडा टिकतो. म्हणून जावाच्या दुरुस्तीत वायरीच्या रंगावर भरवसा ठेवायचा नाही, टर्मिनलचा आकडा बघायचा.

आता दिव्याकडे येऊ. ही गाडी 6 व्होल्टची, डायनॅमो 45 वॅटचा. 25 वॅटचा बल्ब 6 व्होल्टवर चार अँपिअरच्या थोडा वर करंट घेतो. एखाद्या गंजलेल्या जोडात फक्त 0.1 ओहम रोध असला तरी तिथेच 0.4 व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे जवळजवळ सात टक्के. 12 व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॅटच्या बल्बला आणि तसल्याच जोडात हे नुकसान दोन टक्क्यांच्या आत राहतं. बॅटरीपासून बल्बपर्यंत असे पाच-सहा जोड सहज येतात, आणि व्होल्टेज जेवढं पडतं त्याहून किती तरी जास्त उजेड कमी होतो. ‘जावाचा उजेड म्हणजे मेणबत्ती’ असं लोक म्हणतात, त्यातला बराचसा दोष या जोडांचा असतो. त्यासाठी डायनॅमो उघडायची घाई करू नये.

आमच्याकडचे एक जुने मिस्त्री गाडी आली की पहिल्यांदा विचारतात, “रंग कधी मारलाय?” प्रश्न विचित्र वाटतो, पण नेमका आहे. परतीचा करंट चासीतून जातो. हौसेने नवा रंग मारलेल्या गाडीत अर्थचा बोल्टही रंगावरच आवळलेला असतो, आणि रंग करंट जाऊ देत नाही. हेडलाइटला वेगळी अर्थ वायर नसली तर करंट हँडलच्या छऱ्यांतून आणि ग्रीसमधून वाट काढतो. तपासणी सोपी आहे. दिवा चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या टोकाला आणि दुसरी बल्बच्या होल्डरला लावायची. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट आला तर अर्थ खराब. बोल्टाखालचा रंग खरवडायचा, दातेरी वॉशर घालायचा, वरून व्हॅसलीन लावायचं आणि बॅटरीपर्यंत एक वेगळी अर्थ वायर ओढायची. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा बॅटरीचं धन टोक अर्थला असतं, त्यामुळे बॅटरी अंदाजाने जोडू नये.

मी नोंद केलेल्या एका जावात तीन काळांच्या वायरी होत्या. सुती विणीच्या, नंतरच्या प्लास्टिकच्या आणि शेवटी चक्क घरातल्या फिटिंगच्या. हॉर्नच्या वायरीला दोऱ्याची एक गाठ होती, ब्रेक लाइटच्या वायरीला दोन. रंग मिळाला नाही की जी वायर हाताशी आली ती घालायची आणि ओळखीला गाठ मारायची, अशी ती रीत. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा या गाड्या रस्त्यावर ठेवल्या त्या अशा मिस्त्रींनी. त्यांची नावं कुठल्या कागदावर नाहीत. त्या गाठी तेवढ्या आहेत.

आणि नेमक्या त्याच आपण फेकतो. रिस्टोरेशन म्हटलं की पहिल्याच दिवशी जुना हार्नेस कापून भंगारात जातो. तो गाडीत ठेवा असं मी म्हणत नाही. तडकलेल्या रबराची वायर हँडलच्या वळणावर घासली तर शॉर्ट होऊन आग लागू शकते. नवी वायरिंग घालावीच, बॅटरीजवळ फ्यूजही असावा. पण कापण्याआधी प्रत्येक टर्मिनलचा फोटो घ्या, वायरीला चिठ्ठी बांधा, साधा नकाशा काढा. जुना हार्नेस पिशवीत घालून गाडी नंबर आणि तारीख लिहून ठेवा. जमलं तर त्या मिस्त्रींना शेजारी बसवा आणि कुठली गाठ कशाची, ते विचारून घ्या. सांगणारे आता मोजकेच राहिलेत, आणि विचारलं तर ते आनंदाने सांगतात.